नाव वाचता यावं म्हणून

कबरीवर दगड लगेच बसवायचा नसतो. घरच्यांना घाई असते. महिन्याची मिस्सा तोंडावर आलेली असते, बाहेरदेशी असलेला मुलगा परत निघालेला असतो आणि लाकडी क्रुसावर रंगाने लिहिलेलं नाव पहिल्या पावसात ओघळणार हे सगळ्यांना दिसत असतं. पण खणून पुन्हा भरलेली माती भुसभुशीत असते. पुढे शवपेटीचं लाकूड कुजतं तेव्हा वरची माती आणखी खाली बसते. अशा जमिनीवर शेदोनशे किलोची शिळा ठेवली तर ती वर्षाच्या आत एका अंगाला कलते, नाहीतर मधोमध तडकते. एक पावसाळा जाऊ द्यावा, खड्डा पडेल तिथे भर घालावी आणि दिवाळीनंतर काम काढावं. अनुभवी कारागीर हाच सल्ला देतो, हातचं गिऱ्हाईक जाण्याची शक्यता असली तरी देतो.

देशावर हे अधिकच खरं. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हे दरवर्षी चालू राहतं आणि दरवर्षी दगड केसभर सरकतो. नगर, सोलापूर, जालना या पट्ट्यातल्या जुन्या दफनभूमींत वाकलेले क्रूस दिसतात. त्यांना कुणी धक्का दिलेला नसतो, मातीने ढकललेलं असतं. म्हणून खालची काळी माती काढून मुरूम भरायचा, त्यावर काँक्रीटचा पट्टा टाकायचा आणि त्यावर शिळा उभी करायची. शिळा आणि बैठक जोडणारी सळई साध्या लोखंडाची नको, स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची हवी. लोखंड गंजलं की फुगतं आणि आतूनच दगड फोडतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, दगडच कच्चा होता.

महाराष्ट्रातल्या दफनभूमींमध्ये मी बरीच फिरले आहे, ती मुख्यतः शिळा वाचायला. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. स्मृतिशिला निवडताना आधी अक्षरांचा विचार करावा, मग दगडाचा आणि शोभेचा सगळ्यात शेवटी. बहुतेक घरं नेमकं उलट करतात. दुकानातले नमुने बघून आधी आकार ठरतो, मग रंग ठरतो आणि मजकूर शेवटी उभ्या उभ्या एखाद्या वहीच्या पानावर लिहून दिला जातो. शंभर वर्षांनी पणतू तिथे येऊन उभा राहील तेव्हा त्याला आकाराशी काही देणंघेणं नसेल. तो नाव शोधेल.

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत हे सगळं एका फेरीत समजतं. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात, १८६५ मध्ये, ही जागा दफनासाठी घेतली गेली. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट १९२६ मध्ये वारले, ते इथेच आहेत. गोव्यातून येऊन जगभर गाजलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा (मृत्यू २००२) आणि कवी डॉम मोराइस (मृत्यू २००४) यांनाही इथलीच माती मिळाली. जुन्या भागात पांढरा संगमरवर भरपूर आहे. देवदूत, तुटलेले खांब, दगडी फुलांचे हार. दुरून सगळं सुंदर दिसतं. जवळ जाऊन हात फिरवला की पृष्ठभाग साखरेसारखा खरखरीत लागतो आणि बोटांना पांढरी भुकटी लागते. ओळी असतात, पण अक्षरं लागत नाहीत.

कारण साधं आहे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुन्याचाच भाऊबंद. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि ते किंचित आम्लधर्मी होतं. त्या पाण्यात संगमरवर थोडाथोडा विरघळत राहतो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यात परळ-शिवडीच्या गिरण्यांची धुराडी पिढ्यान् पिढ्या कोळसा जाळत होती. त्या धुरातल्या गंधकाने उरलेलं काम केलं. काही शिळांवर शिसं ठोकून बसवलेली अक्षरं आहेत. दगडात बारीक भोकं पाडून त्यात शिसं ठासायचं आणि वरून सपाट करायचं, अशी ती पद्धत. आता भोवतालचा दगड झिजून खाली गेला आहे आणि शिशाची अक्षरं वर उठून आली आहेत. काही निखळून पडली आहेत आणि त्यांच्या जागी भोकांची रांग उरली आहे. ती रांग जोडत गेलं तर कधीकधी नाव लागतं.

संगमरवर मऊ असतो, म्हणून त्यावर नाजूक काम होतं. लोकांना तो याचसाठी आवडतो. घरातल्या देव्हाऱ्याला, चर्चमधल्या वेदीला तो शोभतो. उघड्यावर, कोकणच्या किंवा मुंबईच्या पावसात, अक्षरांसाठी तो घेऊ नये.

ग्रॅनाइटचं तसं नाही. त्यातल्या क्वार्ट्‌झवर, फेल्डस्पारवर पावसाच्या आम्लाचं काही चालत नाही आणि तो पाणी फारच थोडं पितो. बाजारात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारा काळाभोर दगड कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या खाणींतून येतो. युरोपातल्या दफनभूमींमध्येही शिळांसाठी हाच भारतीय काळा दगड मोठ्या प्रमाणावर जातो. इलकलकडचा लालसर दगडही चांगला आहे. निवड करताना तुकडा पाण्याने ओला करून बघावा. केसासारखी चीर असेल तर पाणी वाळताना तेवढी रेष शेवटपर्यंत ओली राहते. दगडाला तेल किंवा काळा रंग चोळून काळेपणा वाढवण्याची युक्तीही चालते. पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन मागच्या बाजूला घासलं की कळतं.

आणि आपला स्वतःचा दगड, काळा पाषाण? वेरूळचं कैलास लेणं त्यातूनच कोरलेलं आहे, म्हणजे टिकाऊपणाबद्दल बोलायचं कारण नाही. त्याला आरशासारखी चकाकी येत नाही, म्हणून आता त्याला कुणी विचारत नाही. माझ्या मते हे नुकसान आहे. पोकळ्या आणि गारांच्या गाठी नसलेला, घट्ट विणीचा काळा पाषाण मिळाला आणि टाकीकाम करणारा पाथरवट मिळाला, तर नगर-पुण्याकडच्या माणसाने दुसरीकडे बघू नये. पोर्तुगीजांनीही हे ओळखलं होतं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस चर्चच्या दर्शनी भागासाठी वसईकडून काळा पाषाण नेला गेला, कारण गोव्यातला जांभा कोरीव कामाला साथ देत नाही. जांभ्यावर अक्षर धरतच नाही. कोकणात, गोव्यात जांभ्याची कबर बांधतात ती गिलावा करून, आणि नावाची फरशी वेगळी लावावी लागते. पुढे गिलावा सुटला की फरशी पडते आणि कबर निनावी होते. तिथे फरशी नुसत्या सिमेंटने चिकटवू नये. मागून पितळी खुंट्या घालून बसवून घ्यावी.

आता अक्षरांकडे. दफनभूमीशेजारच्या एका कारखान्यात मी एक शिळा घडताना पाहिली. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, पाण्याचं पिंप, दगड कापायचं यंत्र आणि सगळ्यावर राखाडी धूळ. बहीणभाऊ आईसाठी दगड ठरवायला आले होते. आई आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. भावाला आईचा फोटो दगडावर हवा होता आणि बायबलमधलं वचन इंग्रजीत पूर्ण हवं होतं. बहिणीला मजकूर मराठीत हवा होता, कारण आई घरात आणि देवाशी मराठीतच बोलायची.

“ताई, फोटो होईल,” कारागीर म्हणाला, “लेझरने होतो. पण लेझर पॉलिश फक्त खरवडतं, आत जात नाही. तुम्ही ठरवा.” मग त्याने दोन तुकडे पुढे ठेवले. एकावर सँडब्लास्टिंग केलेलं होतं. त्यात रबराचा कापलेला पडदा दगडावर चिकटवतात आणि उघड्या भागावर वाळूचा फवारा मारतात. अक्षराचा तळ सपाट येतो आणि मग त्यात सोनेरी रंग भरतात. दुसऱ्यावर हाताने, छिन्नीने कापलेलं होतं. दोन्ही बाजूंनी उतरते काप घेतले की तळाशी धार येते, अक्षराचा छेद इंग्रजी व्हीसारखा होतो आणि ऊन तिरकं पडलं की एका बाजूला सावली पडते. त्याला रंगाची गरजच नसते. सोनेरी रंग चारदोन पावसाळ्यांत उडतो. सावली उडत नाही. तो म्हणाला, “डोळे मिटा आणि बोटाने वाचा.” बहिणीला दुसरा तुकडा वाचता आला, पहिला अर्धामुर्धा.

देवनागरीचे काही पेच दगडावरच कळतात. ‘ष्ठ’, ‘क्ष’, ‘द्ध’ अशा अक्षरांच्या पोटात दगडाची बारीक बेटं उरतात. अक्षर लहान असेल तर छिन्नी लागताच ते बेट उडतं आणि अक्षराचं भोक होतं. शिरोरेषेला जिथे काना भिडतो तिथला कोपरा आधी कपच्या सोडतो. अनुस्वाराचा टिंब उथळ राहिला तर दहा वर्षांत धूळ आणि दगडफूल त्याला बुजवतात, आणि मग ‘शांता’ची ‘शाता’ होते. उपाय एकच: अक्षर मोठं घ्या, खोल घ्या, शब्द कमी करा. जोडाक्षरं कारागिराला आधी कागदावर खऱ्या मापात काढायला लावा आणि घरातल्या दोघांनी ती वेगवेगळी तपासा. चुकीची वेलांटी दगडावर खोडता येत नाही. सगळा पृष्ठभाग पुन्हा उतरवावा लागतो.

शब्द कमी करणं हा सगळ्यात कठीण भाग. या बाबतीत पहिल्या महायुद्धानंतर झालेला एक मोठा प्रयोग मला नेहमी आठवतो. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनने ठरवलं की सरदार असो की साधा शिपाई, प्रत्येकाला एकाच मापाची शिळा मिळेल. वरून किंचित गोलाई, उंची २ फूट ८ इंच, रुंदी १ फूट ३ इंच. अक्षरांचं वळण मॅकडोनाल्ड गिल याने खास आखलं होतं, तिरक्या कोनातूनही वाचता येईल असं. खाली कुटुंबाने आपल्या मनातलं लिहावं, पण मधल्या मोकळ्या जागा धरून ६६ अक्षरांत. त्यासाठी सुरुवातीला दर अक्षरी साडेतीन पेन्स मागितले जात. पुढे ते ऐच्छिक केलं. न्यूझीलंडने तर आपल्या सैनिकांच्या शिळांवर असा मजकूरच नको म्हटलं, कारण ज्याला पैसे परवडत नाहीत त्याच्या मुलाची शिळा मुकी राहील.

या कामात शब्दांसाठी सल्लागार होता रुडयार्ड किपलिंग. १८६५ मध्ये मुंबईतच जन्मलेला. त्याचा एकुलता एक मुलगा जॉन १९१५ मध्ये फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत अठराव्या वर्षी बेपत्ता झाला. ज्यांची ओळख पटली नाही त्या सैनिकांच्या शिळांवर कोरायचे शब्द किपलिंगनेच निवडले आणि स्वतःच्या मुलाची कबर न सापडताच तो १९३६ मध्ये गेला. एका अनोळखी अधिकाऱ्याच्या शिळेवर जॉनचं नाव आलं ते १९९२ मध्ये. पुण्यात खडकीला या आयोगाची दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या १६०० हून अधिक जणांच्या कबरी तिथे आहेत आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मेलेल्या १८०० हून अधिक जणांची नावं स्मारकावर आहेत. पुणेकरांनी एकदा सकाळी तिथे जावं आणि त्या तळच्या ओळी सावकाश वाचाव्यात. आईबापांनी मोजून दिलेले शब्द आहेत ते. जागा कमी असली की माणूस खरं लिहितो.

म्हणून माझा आग्रह असा: नाव पूर्ण, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव लावायचं असेल तर तेही पूर्ण, बाईचं माहेर, गाव, जन्म-मृत्यूची वर्षं आणि त्या माणसाने आयुष्यभर काय केलं त्याचा एक शब्द. सुतार. शिक्षिका. तारखात्यात. वचन हवं असेल तर नुसता अध्याय आणि ओवीचा क्रमांक द्यावा. ज्याला हवं तो घरी जाऊन उघडेल. आपल्याकडच्या जुन्या शिळा, मराठी काय आणि इंग्रजी काय, पटकीने गेला, बाळंतपणात गेली, अमक्या बोटीवरून आला असं सांगून जातात आणि म्हणूनच त्या आजही बोलतात. आताच्या शिळांवर फोटो, वचन आणि ‘शोकाकुल परिवार’ असतो. माणूस कोण होता ते कुठेच नसतं. त्या बहीणभावांनी शेवटी आईचं नाव, माहेर, वर्षं आणि ‘परिचारिका’ एवढंच ठेवलं. मराठीत. फोटो भावाने घरात लावायचा ठरवला. ‘परिचारिका’मधल्या वेलांट्यांवरून कारागिराशी पाऊण तास चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

नाव नसलेल्या शिळेचं काय होतं, ते महाराष्ट्राइतकं दुसरीकडे क्वचित दिसेल. गावोगाव वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधे त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य: ते आहेत तोवर कीर्ती राहो असा त्याचा अर्थ. बोरिवलीजवळ एक्सरला तर वीरगळांवर जहाजांची लढाई कोरली आहे. शिलाहार आणि यादव यांच्यातल्या तेराव्या शतकातल्या युद्धाशी अभ्यासक ती जोडतात. कोरीव काम शतकानुशतकं टिकलं. दगड निवडणाऱ्याने काही चूक केली नव्हती. पण बहुतेक वीरगळांवर लेख नाही. गावाने त्यांना शेंदूर लावला, देव केलं, काही ठिकाणी पायरीला लावलं. तो वीर कुणाचा मुलगा होता हे कुणालाही सांगता येत नाही.

मुंबईत प्रश्न वेगळाच आहे. इथे दगड टिकेल, पण त्याला जागा टिकत नाही. बहुतेक चर्चच्या दफनभूमींत कायमची कबर आता मिळत नाही. साधारण दोनेक वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि कबर पुढच्या माणसाला जाते. मोठी शिळा आधीच करून ठेवलेल्या घरांची तेव्हा कुचंबणा होते, ती ठेवायची कुठे? म्हणून मुंबईकरांनी पहिल्या दिवशी दगड पाहण्याऐवजी दफनभूमीचे नियम लेखी मागून घ्यावेत: जागा किती वर्षं, कोनाड्याच्या झाकणाचं माप काय, कोणता दगड चालतो, नूतनीकरणाचा खर्च कुणी आणि कधी भरायचा. कोनाड्याची फरशी जेमतेम फूटभर असते. तिथे नाव, दोन वर्षं आणि गाव. तेवढ्याला खोल अक्षर छान बसतं आणि भिंतीवर छज्जा असेल तर पाऊसही कमी लागतो.

आणि दगड टिकूनही माणसं गेली तर? अलिबागजवळ नवगावला बेने इस्राएल समाजाची जुनी दफनभूमी आहे. बोट फुटून सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या, बाकीच्यांना इथेच पुरलं, अशी त्यांची परंपरा सांगते. त्या पहिल्या कबरींवर अक्षर नाही, नुसते मातीचे उंचवटे. पुढे अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागात हे लोक पिढ्यान् पिढ्या राहिले, घाण्यावर तेल काढत, शनिवारी काम बंद ठेवत, मराठी बोलत. त्यांच्या शिळांवर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी एकाखाली एक सापडतात. वर्षाच्या आत शिळा बसवून तिच्यापाशी प्रार्थना करायची आणि पुढे भेटीला गेलं की वर एक खडा ठेवायचा, अशी रीत. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली. मागे राहिलेल्या शिळा पडीक नाहीत, सुट्टीत नातवंडं येतात, आजोबांचं गाव शोधतात. त्यांतल्या पुष्कळांना मराठी वाचता येत नाही, हिब्रू येतं. तीन लिपींत लिहिणाऱ्या पणजोबांनी नकळत त्यांची सोय करून ठेवली आहे. ज्यांची मुलं दूरदेशी आहेत त्यांनी नाव आणि वर्षं तरी दोन लिपींत घ्यावीत, असं मला यावरून वाटतं. मराठी वर आणि मोठं, दुसरी लिपी खाली.

जाळणाऱ्यांचा या सगळ्याशी संबंध नाही असं कुणी समजू नये. देशावर आणि मराठवाड्यात शेताच्या बांधावर समाध्या आता सर्रास दिसतात: चौथरा, वर काळा ग्रॅनाइट, सिरॅमिकवरचा फोटो, शेजारी तुळस. लिंगायतांत, गोसाव्यांत, नाथपंथीयांत तर पुरण्याची आणि समाधी बांधण्याची रीत जुनीच. महात्मा फुल्यांनी आपल्याला मिठात पुरावं अशी इच्छा ठेवली होती, खड्डाही तयार होता. १८९० मध्ये नगरपालिकेने परवानगी नाकारली, म्हणून दहन झालं आणि रक्षा पुण्यातल्या वाड्यात ठेवून समाधी केली. बांधावरच्या समाधीला दगड आणि अक्षर यांचे वर सांगितलेले सगळे नियम लागू पडतात. धोका मात्र एक जास्त. वाटण्या होतात, जमीन विकली जाते, रस्ता येतो. विक्रीखतात समाधीची जागा आणि तिथवर जायची वाट वगळून घेतलेली नसेल, तर ग्रॅनाइट कितीही कठीण असला तरी जेसीबीपुढे त्याचं काही चालत नाही. तलाठ्याकडे आणि वकिलाकडे ही गोष्ट बोलायला लोकांना अवघड वाटतं. पण बोलावं.

राहिली देखभाल. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वसईपासून नगरपर्यंत कबरी साफ होतात, फुलं आणि मेणबत्त्या लागतात. अनेकदा तो दिवस दिवाळीच्या आगेमागेच येतो. त्या दिवशी भलत्या उत्साहात दगडाचं जेवढं नुकसान होतं तेवढं वर्षभरात होत नाही. फरशीचं अ‍ॅसिड, ब्लीच, तारेचा ब्रश यांतलं काहीही वापरू नये. संगमरवरावर अ‍ॅसिड म्हणजे शंभर वर्षांचा पाऊस एका बादलीत. भरपूर साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश, दगडफूल ओलं करून लाकडी पट्टीने हळूच सोडवणं, एवढं पुरतं. मेणबत्ती थेट दगडावर चिकटवू नये, बशीत लावावी.

आणि त्याच दिवशी मजकूर उतरवून घ्यावा. भारतातल्या युरोपीय कबरींसाठी १९७६ पासून एक ब्रिटिश संस्था हे काम करते आहे. तिच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मराठी शिळांसाठी असं काही पद्धतशीर उभं राहिलेलं मला दिसलं नाही आणि मराठी शिळा रोज पुसट होत आहेत. हे काम चर्चमधल्या तरुणांना, गावातल्या शाळेला, कुणालाही करता येईल. पुसट अक्षरांवर खडू, पीठ किंवा रांगोळी चोळू नये. कण छिद्रांत बसतात. सकाळी आठच्या सुमाराला जावं, ऊन तिरकं असतं. शिळेवर ऊन येत नसेल तर एकाने हातभर आरसा धरून बाजूने प्रकाश पाडावा, दुसऱ्याने वाचावं, तिसऱ्याने वहीत ओळीला ओळ उतरवावी, चुकलेली वेलांटी असेल तर चुकलेलीच. जिथे लागत नाही तिथे अंदाजाने भरू नये, टिंबं द्यावीत. शेजारी रांग आणि कबरीचा क्रमांक, दगड कोणता, तोंड कोणत्या दिशेला. वहीची एक प्रत चर्चमध्ये, एक गावच्या ग्रंथालयात. पावसाळा संपला की गवत कापलं जातं, आणि मार्चपर्यंत ऊन चांगलं असतं.